वाचकांचे प्रश्न : तरुणपणीची गाणी सुटत का नाहीत?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. माझे वय 66 आहे. बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. माझ्या कपाटात दीडशेच्या आसपास कॅसेटी आणि गाण्यांच्या चार वह्या आहेत, आणि त्यांतले जवळजवळ प्रत्येक गाणे 1972 ते 1985 या काळातले आहे. त्यानंतरचे गाणे कानावर पडते, पण मनात उतरत नाही. मुलगा म्हणतो, “बाबा, तुमचे घड्याळ पंच्याऐंशी सालीच बंद पडले आहे.” त्या काळचे संगीत खरोखरच श्रेष्ठ होते, की माझेच कान म्हातारे झाले? याची खंत वाटते, कारण बारा वर्षांचा नातू मोठ्या हौसेने मला त्याची गाणी ऐकवायला येतो आणि मी दोन मिनिटांत “छान आहे” म्हणून मोकळा होतो.
एक वाचक, कराड

उत्तर : नातवाबद्दलचे तुमचे शेवटचे वाक्य मला पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटले. तिथे येण्याआधी तुमच्या मूळ प्रश्नाला हात घालते.

श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याच्या फंदात मी पडत नाही, असे म्हणून बाजूला होणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक ठरणार नाही. तुमच्या तरुणपणीच्या गाण्यांत शब्दांना जो मान होता, आणि गायक व वादक एकत्र बसून तालमी करून गाणे एकसलग ध्वनिमुद्रित करण्याची जी रीत होती, तिचे मोल माझ्या मनात फार मोठे आहे. मात्र त्याच वर्षांत निघालेली कितीतरी गाणी आज तुम्हालाही आठवत नाहीत. जुन्या तांदळातले खडे पन्नास वर्षांत निवडून झाले आहेत आणि नव्या गाण्यांचे पोते अजून जसेच्या तसे समोर पडले आहे. त्या दोहोंची तुलना करताना आपण निवडलेले धान्य न निवडलेल्या धान्याशी ताडून पाहत असतो.

शिवाय हा निवाडा तुमच्या आधीच्या पिढ्यांनीही दिलेला आहे. माझे आजोबा बालगंधर्वांच्या नाटकांवर पोसलेले होते. 1940च्या दशकात गजाननराव वाटव्यांसारख्या गायकांनी भावगीत गणेशोत्सवाच्या मांडवात आणले, तेव्हा माझे वडील पुण्याच्या रस्त्यावर तासन् तास उभे राहून ते ऐकत असत आणि घरी आल्यावर आजोबांची बोलणी खात असत. यात आलाप नाही, तान नाही, ही तर पेटीवर वाचलेली कविता झाली, असे आजोबांचे ठाम मत होते. तेच वडील पुढे तीस वर्षांनी माझ्या आवडीच्या गाण्यांना “नुसता ठेका” म्हणत असत. आजोबा अन्याय करीत होते असे मला आज वाटत नाही, आणि वडीलही करीत नव्हते. दोघांचे कान आपापल्या विशीत तयार झाले होते आणि पुढचे सगळे संगीत ते त्याच कानांनी ऐकत होते.

विशीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी संशोधकांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 16 ते 86 वर्षे वयाच्या 108 लोकांना 1932 ते 1986 या काळातली गाणी ऐकवून त्यांची पसंती विचारली होती. ऐकणारा सुमारे 24 वर्षांचा असताना जे गाणे लोकप्रिय होते, त्याला सर्वाधिक पसंती मिळाल्याचे त्यांना आढळले. पुढच्या काही अभ्यासांत गाणे आवडते का यापेक्षा गाण्याबरोबर आयुष्यातली एखादी आठवण जागी होते का, हे विचारले गेले, तेव्हा शिखर आणखी लहान वयाकडे, किशोरवयात, चौदाव्या वर्षाच्या आसपास सरकले. हे दोन आकडे मी एकमेकांशेजारी ठेवते, कारण चौदाव्या वर्षी गाणे आपल्या आठवणींना चिकटते आणि चोविसाव्या वर्षापर्यंत आपली आवड घट्ट होते, असा त्यांचा मेळ मला लागतो. तुमच्या वह्या 1972 साली सुरू होतात, तेव्हा तुम्ही तेरा-चौदा वर्षांचे होता. आणि त्या 1985 साली थांबतात, तेव्हा तुम्ही पंचविशी नुकतीच ओलांडली होती. म्हणजे तुमच्या वह्यांनी हा अभ्यास घरच्या घरी करून ठेवला आहे.

परंतु वय सांगितले म्हणजे कारण सांगितले असे होत नाही. त्या वर्षांत तुम्ही गाणे कसे ऐकत होता, ते आठवून पाहा. रेडिओला परवाना लागत असे आणि त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागत असे. हवे ते गाणे हवे तेव्हा मिळत नसे. ते लागेल तेव्हा आपण रेडिओजवळ असावे लागे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली, की लघुलहरींवरचा तो आवाज कधी जवळ येई, कधी दूर जाई, आणि घरातले सगळे डबा हलवून तो पुन्हा पकडण्याच्या खटपटीत असत. विविध भारतीवर फर्माईश करणाऱ्यांची आणि झुमरी तलैयापासूनच्या गावांची लांबलचक यादी संपेपर्यंत श्वास धरून बसावे लागे, तेव्हा कुठे गाणे सुरू होई. आकाशवाणी मुंबईच्या ‘आपली आवड’साठी पत्र टाकून आपले नाव वाचले जाण्याची वाट महिनोन्‌महिने पाहणारे लोक प्रत्येक गल्लीत होते. आणि गाण्याची वही! एका वेळी दोनच ओळी लिहून होत, कडव्याची जागा कोरी सोडावी लागे, आणि तेच गाणे पुन्हा लागेल तेव्हा बहिणीने दुसरी आणि आपण तिसरी ओळ पकडायची असा करार केलेला असे. एक गाणे पुरे व्हायला कधी दोन-दोन महिने लागत. पुढे कॅसेट आली तेव्हाही यादी करून दुकानातून कॅसेट भरून घ्यावी लागे. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला सात-आठ गाणी बसत, म्हणून कोणते ठेवायचे आणि कोणते गाळायचे यावर मित्रांत वाद होत.

या सगळ्यात दोन गोष्टी सतत घडत होत्या : तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकले जात होते, आणि ते कोणाच्या तरी सोबतीने ऐकले जात होते. माझ्या मते गाणे मनात उतरण्याचे खरे रहस्य इथे आहे. पुनरावृत्तीचे महत्त्व प्रयोगशाळेतही दिसले आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी 2011 साली दाखवले, की आपले आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामीन हे द्रव्य स्रवते. आणि ते केवळ आनंदाच्या परमोच्च क्षणीच नव्हे, तर तो क्षण आता येणार, या अपेक्षेच्या काळातही मेंदूच्या एका वेगळ्या भागात स्रवते. तुम्हाला माहीत असते, की इथे बासरी येणार, इथे ती थांबणार आणि मग आवाज चढणार. नातवाच्या गाण्यात पुढे काय येणार हे तुम्हाला माहीत नसते, म्हणून वाट पाहण्याचा तो अर्धा आनंद तुमच्या वाट्याला येतच नाही. कान म्हातारे झाल्याचे हे लक्षण नाही. गाणे अजून ओळखीचे झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता तुमच्या मुलाच्या घड्याळाविषयी. आयुष्यातल्या आठवणींचा आलेख काढला, तर तरुणपणाच्या वर्षांपाशी तो उंचावलेला दिसतो. हा उंचवटा केवळ वयाने ठरतो, असे प्रथम मानले जात असे. पण रॉबर्ट श्राउफ आणि डेव्हिड रुबिन या संशोधकांनी अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या स्पॅनिशभाषक वृद्धांच्या आठवणी तपासून 1998 साली अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा असे दिसले, की जे लोक तिशी ओलांडल्यावर देश सोडून आले होते, त्यांच्या आठवणींचा उंचवटाही पुढे, स्थलांतराच्या वर्षांकडे सरकला होता. हा निष्कर्ष मला फार धीर देणारा वाटतो. आयुष्याला वळण लागते तेव्हा मन पुन्हा ओले होते, आणि त्या ओल्या मातीत जे पडेल ते रुजते. तरुणपणी अशी वळणे एकापाठोपाठ एक येतात, एवढेच.

मी स्वतः याचा अनुभव घेतला आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी मी बंगळुरूला चार महिने राहिले, तेव्हा माझे वय 55 होते. शेजारच्या घरातून रोज पहाटे एक कन्नड भक्तिगीत ऐकू येत असे. पहिले पंधरा दिवस ते मला नुसते ऐकू येत होते. महिन्याभराने नातीला मांडीवर घेऊन मी ते गुणगुणू लागले. मला त्यातले चारपाच शब्दही कळत नव्हते. आज नऊ वर्षांनी ते सूर कुठे कानावर पडले, की मला बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीचा आणि वेखंडाचा वास येतो. माझ्या विशीतल्या गाण्यांच्या पंक्तीला ते गाणे जाऊन बसले आहे.

म्हणून तुमच्या नातवाला “छान आहे” म्हणू नका. त्याला सांगा, की मला दहा गाणी नकोत, एकच दे, आणि ते महिनाभर रोज माझ्याबरोबर बसून ऐक. शब्द कळले नाहीत तर त्याला विचारा, आणि ते तुमच्या चौथ्या वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर त्याच्याकडून लिहून घ्या. ते गाणे तुम्हाला आवडेलच अशी हमी मी देत नाही. नावडलेच तर कोणती जागा नावडली हे त्याला नेमके सांगा, कारण बारा वर्षांच्या मुलाला गुळमुळीत कौतुकापेक्षा लक्ष देऊन केलेली तक्रार अधिक मानाची वाटते. बारा वर्षांचा मुलगा आत्ता ज्या वयात शिरतो आहे, त्या वयातली गाणी त्याला जन्मभर पुरणार आहेत, आणि त्यांतल्या एकात तुमचा आवाज मिसळलेला असेल.

जाता जाता कॅसेटींविषयी. त्या उभ्या ठेवा, ओलाव्यापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा, आणि वर्षातून एकदा प्रत्येक कॅसेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून घ्या, म्हणजे फीत फितीला चिकटत नाही. ज्यांत घरातल्या माणसांचे आवाज आहेत, त्या सर्वांत आधी संगणकावर उतरवून घ्या. गाणी पुन्हा मिळतील, ते आवाज मिळणार नाहीत.

प्रश्न : मी 23 वर्षांची असून पुण्यात शिकते. मला माझ्या बाबांच्या तरुणपणीची गाणी अतिशय आवडतात. ती ऐकताना मला हुरहुर लागते, जणू तो काळ मीच जगले आहे. मैत्रिणी म्हणतात, हे सगळे उसने आहे, जे अनुभवलेच नाही त्याची आठवण कशी येईल? मला खरोखर काय होत असेल?
एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्यासारखे अनेकजण आहेत, आणि त्यांची मोजदादही झालेली आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रमहान्झल यांनी 2013 साली आपल्या सहकाऱ्यासह विशीतल्या 62 विद्यार्थ्यांना 1955 ते 2009 या काळातली अमेरिकेतली गाजलेली गाणी ऐकवली. अपेक्षेप्रमाणे मुलांना त्यांच्या स्वतःच्या काळातली गाणी सर्वाधिक ओळखीची वाटली. पण 1980च्या दशकाच्या सुरुवातीच्या, म्हणजे त्यांचे आईवडील विशीत असतानाच्या गाण्यांपाशी पसंतीचा आणि आठवणींचा दुसरा उंचवटा दिसला, आणि 1960च्या दशकापाशी आणखी एक. घरात आईवडील जे लावतात ते मुलांच्या कानांवरून जाते, असे त्याचे स्पष्टीकरण संशोधकांनी सुचवले.

तुमची हुरहुर उसनी नाही, कारण ती बाबांच्या 1983 सालची नाहीच. रविवारी सकाळी घरात आवराआवर चालू असताना, गावी जाताना गाडीत, दिवाळीच्या फराळाच्या वेळी ती गाणी तुम्ही पाच-सहा वर्षांच्या असताना ऐकलेली असणार. तुम्हाला आठवते ते तुमचेच बालपण आहे, ज्यात बाबा गुणगुणत होते. एकदा बाबांना विचारा, की त्यांनी ते गाणे पहिल्यांदा कुठे ऐकले. मी माझ्या वडिलांना हे विचारायचे राहून गेले आणि त्याची रुखरुख आजही आहे.

प्रश्न : माझी आई 81 वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. ती मुळशी तालुक्यातल्या एका लहान गावात वाढली आणि वयाच्या साठीपर्यंत तिने शेती केली. आता ती माझ्याकडे असते. मला ती कधी ओळखते, कधी “बाई” म्हणून हाक मारते. जुनी गाणी ऐकवा, असे कोणी सुचवल्यावरून मी तिच्या तरुणपणीच्या, 1960च्या सुमाराच्या चित्रपटगीतांची यादी करून रोज लावली, पण ती तोंड फिरवते. एकदा मात्र मी कणीक मळत असताना ती आपणहून काहीतरी गाऊ लागली आणि मी जवळ जाताच थांबली. मी काय करावे?
एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुम्ही चुकला नाहीत, फक्त तुमची यादी दुसऱ्याच कोणाच्या तरी तरुणपणाची होती. 1960च्या सुमाराला मुळशीच्या डोंगराळ गावात किती घरांत रेडिओ होता? तुमच्या आईच्या वयाच्या चौदाव्या वर्षीचे संगीत रेडिओवर नव्हते. ते पहाटे जात्यावर होते, भात लावणीच्या चिखलात होते, हादग्याच्या फेरात आणि मंगळागौरीच्या रात्री होते. ती गाणारी स्वतःच होती, ऐकणारी नव्हती. एखाद्या गाण्याची ध्वनिफीत तिच्यासमोर लावणे म्हणजे सुगरणीला ताटावर बसवून दुसऱ्याच्या हातचे वाढण्यासारखे आहे. ती तोंड फिरवणारच.

मुळशी, मावळ आणि आसपासच्या भागांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी अनेक वर्षे केले. हजाराहून अधिक गावांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या, आणि आज त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता येतात; कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही तिथे आहे. तुमच्या आईच्या तालुक्यातल्या बायकांचा आवाज तुम्हाला तिथे सापडण्याची चांगली शक्यता आहे. तो आधी तुम्ही ऐका आणि दोन-तीन चाली तोंडात बसवा. पिठाची गिरणी गावात आल्यावर जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीला निमित्तच उरले नाही, म्हणून आईने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ती कधी तुमच्यासमोर गायिली नसेल. ती विसरली असे मात्र समजू नका.

ओळखीचे संगीत अशा आजारात उशिरापर्यंत का टिकते, याचा एक धागा लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांना 2015 साली मिळाला. दीर्घकाळ ओळखीचे असलेले संगीत ऐकताना मेंदूचा जो भाग काम करतो, तो अल्झायमरच्या रुग्णांत तुलनेने कमी झिजलेला त्यांना आढळला. त्यातला एक भाग हालचालींची आखणी करणाऱ्या क्षेत्रात मोडतो. हे वाचले तेव्हा मला माझी मोठी मावशी आठवली. शेवटच्या दोन वर्षांत तिला कोणाचेच नाव आठवत नसे. “मावशी, ओवी म्हण” म्हटले, की ती गोंधळून बघत राही. पण तिच्या उजव्या हाताखाली आम्ही एकदा पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला, तर तिचा हात अंथरुणावर गोल फिरू लागला, आणि हात फिरू लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला आवाज फुटला. ओवी तिच्या डोक्यात शोधत बसण्यात आम्ही उगाच सहा महिने घालवले होते.

तुमच्या आईने कणीक मळण्याच्या वेळी गाणे म्हटले, हे मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. तिने तुमच्या हातांची लय पाहिली असावी. तीच वेळ धरा. कणकेचा एक गोळा तिच्याही हातात द्या, किंवा सुपात थोडे तांदूळ घालून पाखडायला द्या. दूरदर्शन बंद ठेवा. तिच्याकडे पाहू नका, आपले काम करीत राहा आणि शिकलेल्या चालीतली एखादी ओवी हलक्या आवाजात सुरू करा. ती थांबली तर तुम्हीही थांबा. शब्द सुचवण्याची किंवा दुरुस्त करण्याची घाई करू नका. मोबाइल तोंडासमोर धरू नका, ध्वनिमुद्रण करायचेच असेल तर तो आधीच फडताळावर ठेवून द्या. हे दिवसाला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक नको. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते : जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास आहे, मेलेली लेकरे आहेत, न आलेला भाऊराया आहे. गाताना ती रडू लागली तर घाबरून गाणे तोडू नका, हात हातात घ्या. मात्र ती अस्वस्थ होऊन नंतरही शांत होत नसेल, तर ती चाल काही दिवस बाजूला ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा. याने आजार मागे हटत नाही; तशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. पण ती दहा मिनिटे ती तुमच्याबरोबर असते.

ओवीची एक रीत तुम्हाला कदाचित माहीत नसेल. ओवी पिढ्यान्‌पिढ्यांची असली, तरी गाणारी तिच्यात स्वतःच्या लेकीचे किंवा लेकाचे नाव घालून ती म्हणते. तुम्ही तान्ह्या असताना आईने दळताना तुमचे नाव अशा किती ओव्यांत घातले असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही. एखाद्या दिवशी ओवी गाताना ती तुमचे नाव घेईल, आणि गाणे संपल्यावर पुन्हा तुम्हाला “बाई” म्हणेल. त्या ओवीचे शब्द लगेच लिहून घ्या आणि शेजारी तारीख घाला.